तेहतिसावं पान

पानताईने मोजलेलं पुस्तक पुन्हा कुणी मोजत नसे.

बांधणीच्या कारखान्यात ती एकोणिसाव्या वर्षी आली. आता एकोणसाठ. चाळीस वर्षं एकच काम. पानांचा गठ्ठा डाव्या हातात धरायचा, उजव्या अंगठ्याने कडेवरून पंख्यासारखा उलगडायचा आणि पाच-पाचने मोजायचं. ओठ हलत नसत. मधेच कुणी काही विचारलं तर उत्तरही देई, आणि मोजणी चुकत नसे. पुस्तक बांधून झालं की मागच्या पुठ्ठ्याच्या आत, खालच्या कोपऱ्यात, ती पेन्सिलीने पानांचा आकडा लिही. तिळाएवढा. गिऱ्हाइकाला तो कधी दिसला नाही. मालकाला मात्र माहीत होता. आकडा नसलेलं पुस्तक दाराबाहेर जायचं नाही, असा त्याचा नियम होता. मालकाचे बाकीचे नियम कुणी फारसे मनावर घेत नसे. हा पाळत.

तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. ते तिथेच राहिलं. पानं मोजते म्हणून ती पानताई.

मोजणं तिचं, शिवणं भावाचं. दोघं जुळी. भाऊ अकरा मिनिटांनी मोठा. त्या अकरा मिनिटांच्या जोरावर त्याने जन्मभर तिच्याकडून ‘दादा’ म्हणवून घेतलं. दोघं एकाच आठवड्यात कामाला लागली आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसली. तिच्याकडून गठ्ठा सरकायचा, त्याच्या टोच्याखाली जायचा. पगारही सारखा. मालक बाकी जुन्या वळणाचा होता, पण एका टेबलावर दोन पगार त्याला पटत नव्हते.

भावाला एकच खोड होती. सुरकुतलेला कागद त्याला बघवत नसे. विजेचं बिल आलं तरी तो ते आधी शिकंज्यात दाबून सपाट करी आणि मग भरायला नेई. कारखान्यात दोन शिकंजे होते, एक मोठा, एक लहान. दोन्हींत पुस्तकांच्या मधोमध त्याचा काही ना काही कागद असायचाच. वहिनी म्हणायची, मला सुरकुत्या पडायला लागल्यात, एक दिवस मलाही फळ्यांमध्ये घालून चाक फिरवतील.

पानताई वेगळी राहायची. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, कोपऱ्यात ओटा, आणि समोरच्या भिंतीभर खिडकी. खाली बसचं वळण. संध्याकाळी ती खुर्ची ओढून तिथे बसे. बस वळताना ड्रायव्हर हात बाहेर काढतो, एखादी बाई कडेवरचं मूल सावरते, टोपीवाला म्हातारा रोज एकच बस चुकवतो. बावीस वर्षं ती हे बघत होती. लग्न केलं नाही. का, ते विचारणारी माणसं आता थकली होती.

या वर्षी अंगठा दुखायला लागला. बुडाशी, मनगटाच्या वर. डॉक्टरांनी अंगठ्याची चौकशी केली नाही, कामाची केली. मग म्हणाले, हे काम सोडा. तिने भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, तू उठलीस तर समोर कोण बसणार, मीही उठतो. साठाव्याच्या आधी एक वर्ष निवृत्त होता येत होतं. दोघांनी ठरवलं.

दोघांच्या पगारातून मालक दरमहा थोडे कापत आला होता. त्यात आपले घालून तो ते एका विमा कंपनीकडे ठेवी. ही कंपनी कारखान्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तिची दरपुस्तकं दरवर्षी इथेच बांधली जात. त्यांचं काम आपल्याकडे, आपला पैसा त्यांच्याकडे, म्हणजे दोघांनाही पळून जाता येत नाही, असं मालक म्हणायचा. आता त्या साठलेल्या रकमेतून दोघांना मरेपर्यंत दरमहा काही मिळणार होतं. किती, ते सांगायला कंपनीची एक बाई आली. तिच्या चष्म्याला साखळी होती. कारखान्यात ती ‘विमाबाई’च झाली.

विमाबाईने त्यांच्याच टेबलावर दरपुस्तक उघडलं. भावाने आधी शिलाई बघितली. ती त्याचीच होती.

पुस्तकाचे दोन भाग होते. पहिली सोळा पानं पुरुषांची, नंतरची सोळा बायकांची. विमाबाईने पहिल्या भागात एकोणसाठवर बोट ठेवलं आणि भावाचा आकडा सांगितला. मग सोळा पानं पुढे गेली, पुन्हा एकोणसाठवर बोट ठेवलं आणि पानताईचा सांगितला. साठलेली रक्कम तीच. जन्मतारीख तीच. भावाला महिन्याला जिथे सात हजार मिळणार तिथे तिला सहा.

पानताईने विचारलं, “छपाईची चूक आहे का?”

“नाही, ताई. बायका जास्त वर्षं जगतात. तीच रक्कम जास्त महिने पुरवायची, म्हणून महिन्याला कमी.”

“आमची आई बावन्नाव्या वर्षी गेली.”

“हे एकेकीचं नसतं. लाखो माणसांचा हिशेब असतो.”

“म्हणजे बाकीच्या बायका जगणार, म्हणून मला कमी.”

विमाबाईने चष्मा काढला आणि पुसला. तो स्वच्छच होता. मग तिने सांगितलं की तिची स्वतःची वेळ येईल तेव्हा तिलाही मागच्याच सोळा पानांत बघावं लागेल. वाहनांच्या विम्यात उलटं आहे. तिथे तरुण पोरगे जास्त भरतात आणि पोरी कमी, कारण आपटतात पोरगे. आता दोन्हीकडे एकच दर करायचं चाललं आहे म्हणे. पण असं काय काय चालल्याचं ती दहा वर्षं ऐकत होती.

भाऊ म्हणाला, “मी अकरा मिनिटं आधी आलो, तर यांनी माझं परतीचं तिकीटही आधीचं काढलं.”

कुणी हसलं नाही. मग पानताईच हसली.

पण ते पुस्तक बंद झालं तरी ती त्याच्याकडे बघत राहिली. दरवर्षी हीच पानं तिच्या अंगठ्याखालून गेली होती. सोळा आणि सोळा, बत्तीस. तिने त्यातली एक ओळ कधी वाचली नव्हती. मोजणाऱ्याने वाचायचं नसतं. वाचलं की मोजणी चुकते.

घरी जाऊन तिने जुन्या पाकिटाच्या मागे जमाखर्च मांडला. दोनदा मांडला. सातात खोली बसत होती. सहात बसत नव्हती.

मग भावाकडे राहायला जायचं ठरलं. त्याच्या घरात मागे एक लहान खोली होती. तिथे शिलाई मशीन आणि जुन्या बॅगा होत्या. खोलीला झडपेची एक लहान खिडकी होती, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. वहिनीने ऐकलं त्याच दिवशी तिथली फळी रिकामी केली, डबे हलवले, फळीवर नवा कागद घातला. वहिनी मायाळू होती. तीच अडचण होती. कजाग असती तर पानताईला नाही म्हणता आलं असतं. भाची म्हणाली, आत्या आली की मजा येईल. पानताई म्हणाली, हो. भिंतीपासून भिंतीपर्यंत वितींनी मोजलं तर तिची खुर्ची तिथे मावत नव्हती.

अर्ज तिने भरला, पण दिला नाही. चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि आठवडाभर बरोबर फिरवला. तेवढ्यात अंगठा इतका सुजला की हाताला पट्टी बांधून सहा दिवस घरी बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी भाऊ जिने चढून आला. त्याचा स्वतःचा अर्ज तयार होता. तुझाही दे, दोन्ही बरोबरच देतो, म्हणाला. तिने पर्समधून काढून दिला. त्याने उलगडला आणि त्याचा चेहरा पडला.

“हा अर्ज आहे की पुडी?”

“वाचता येतो ना?”

“वाचता येतो म्हणून काय झालं? हा असा मी त्यांच्या हातात देणार नाही. सपाट करून देतो.”

दहा तारखेला त्याचा फोन आला. दिले, म्हणाला, दोन्ही दिले. तिने बरं म्हटलं आणि खिडकीशी जाऊन बसली. महिनाअखेरीला घरमालकाला कळवायचं होतं. तिने ते पुढच्या महिन्यावर ढकललं.

त्या सहा दिवसांत कारखान्यात एकच मोठं काम झालं होतं. विमा कंपनीने जुन्या दरपुस्तकांच्या बारा प्रती पाठवल्या होत्या. वापरून वापरून त्यांची पाठ सुटली होती, पानं मोकळी झाली होती. दफ्तरखान्यात ठेवायला पुन्हा बांधून हवी होती. मालक लेकीकडे गेला होता. भावाने एकट्याने दाबली, टोचली, शिवली, पुठ्ठे चढवले आणि बाराव्या तारखेला पाठवून दिली. परत आल्यावर पानताईने विचारलं, मोजलीस का? तो म्हणाला, जुनीच तर पुस्तकं, पूर्वी तूच मोजलेली, पानं काय पळून जातात? तिला ते आवडलं नाही. पण पुस्तकं गेली होती.

पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला छापखान्यातून यंदाच्या दरपुस्तकाची पानं आली. पानताईने पहिला गठ्ठा उचलला आणि अंगठा फिरवला. सोळा. दुसरा उचलला. सोळा. वीसही गठ्ठे सोळाचे निघाले. छापखान्याने निम्मं पुस्तक पाठवलं होतं. असं एकदा पूर्वीही झालं होतं आणि तेव्हा तिनेच पकडलं होतं. तिने कंपनीत फोन लावला. विमाबाईने उचलला.

पानताईने सांगितलं की बायकांचा भाग आलेला नाही.

विमाबाई म्हणाली, “बायकांचा नाहीच आता. पुरुषांचाही नाही. एकच आहे, सगळ्यांना.”

झालं होतं असं की इतकी वर्षं जे नुसतं चाललं होतं, ते झालं होतं. एक तारखेपासून नियम बदलला. छापखान्याने उशीर केला म्हणून ऑफिसात सध्या सुट्या झेरॉक्सवर काम चाललं होतं. पानताईने विचारलं, एकोणसाठला किती येतं? विमाबाईने कागद चाळून सांगितलं. सात नाही, सहा नाही. मधलं. साडेसहा.

साडेसहात खोली बसत होती. जेमतेम, पण बसत होती.

पानताईने खुर्चीची पाठ धरली. “आणि आधी दिलेले अर्ज?”

नोंद ज्या तारखेची, दर त्या तारखेचा, विमाबाई म्हणाली. एकदा नोंदलेला अर्ज मागे घेता येत नाही. हे सांगताना तिचा आवाज उतरला. मग तिने थांबून विचारलं, “तुमचा कधीचा?”

“दहाचा. मागच्या महिन्यातला.”

फोन ठेवून पानताई टेबलाशी आली. भावाने अर्धं ऐकलं होतं, उरलेलं तिने सांगितलं. त्याचा टोचा हातातच राहिला. तो वेळेवर गेला होता. तिने सात दिवस पर्समध्ये ठेवलेला अर्ज त्याने जिने चढून नेला होता. ती आणखी तीन आठवडे तशीच फिरली असती तर खोली वाचली असती. त्या दिवशी त्याने पाडलेली भोकं वाकडी आली. ती त्याने पुन्हा पाडली.

संध्याकाळी निघताना तो म्हणाला, “माझ्या सातातला अर्धा हजार तुला देईन, दोघांना साडेसहा-साडेसहा. दर महिन्याला.”

“वेळेवर काम करणाऱ्याला दंड नको, दादा.”

“दंड नाही. अर्धाच.”

“मला कुणाचा मिळवलेला अर्धा नको. माझा असता तर हवा होता.”

 

सात तारखेला नवी पुस्तकं तयार झाली. वीस प्रती, प्रत्येकीच्या कोपऱ्यात सोळाचा आकडा. एरवी भाऊ पोचवायचा. या वेळी ती म्हणाली, मी नेते. पुस्तकं निम्मी झाली होती, पिशवीही हलकी होती. डाव्या खांद्याला लावून ती निघाली. तिला त्या नोंदवहीतली आपल्या नावाची ओळ एकदा डोळ्यांनी बघायची होती. बघून काही बदलणार नव्हतं. पण खोली सोडायची तर कशामुळे सोडायची ते एकदा बघून घ्यावं, असं तिला वाटत होतं.

विमाबाईचं टेबल मोठ्या खोलीच्या टोकाला, खांबाआड होतं. तिने पुस्तकं मोजून घेतली, पावती दिली. पानताईने आपली विनंती सांगितली. विमाबाईने नोंदवही काढली आणि दहा तारखेवर बोट ठेवलं. भावाचं नाव होतं. बोट खाली गेलं. वर आलं. मागच्या पानावर गेलं. मग ती संगणकाकडे वळली आणि बराच वेळ टाइप करत राहिली.

“ताई, तुमचा अर्ज आलेलाच नाही.”

“दादाने दिला. दोन्ही दिले.”

“त्यांच्या पाकिटात एकच होता. मी पोचही एकाच नावाची दिली.”

ती पोच भावाने वाचली नसणार. सरळ शिकंज्यात घातली असणार. पानताईला ते चित्र दिसलं. विमाबाईने खुर्ची पुढे केली. ती बसली. विमाबाईने कपाटातून नवा अर्ज काढला, टेबलावर ठेवला आणि वर आपलं पेन ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आता लपत नव्हतं असं हसू होतं. लगेच भरा, म्हणाली, शिक्का मारते, आजची तारीख. शाईची गादी सुकली होती. ती दुसरी शोधायला आत गेली.

टेबलाच्या कडेला जुन्या दरपुस्तकांचा ढीग होता. बारा. दफ्तरखान्यात जायची राहिली होती. कापड कारखान्याचं, शिलाई भावाची. पानताईने सवयीने वरचं पुस्तक उचललं आणि मागचा पुठ्ठा उघडला. कोपरा कोरा होता. तिला ते कसंतरीच वाटलं, शर्टाचं बटण तुटलेलं दिसावं तसं. जवळच विमाबाईची पेन्सिल होती. तिने अंगठा फिरवला. दुखला, पण फिरला. बत्तीस. आकडा लिहिला. दुसरं, बत्तीस. लिहिला.

तिसरं, तेहतीस.

अंगठा थांबला. पुरुषांची सोळा संपत होती आणि बायकांची सोळा सुरू होत होती, तिथे मधे एक पान होतं. त्याच आकाराचं, त्याच कागदाचं. कंपनीचे अर्जही त्याच छापखान्यात छापले जात. त्यावर तिचं अक्षर होतं. तिचं नाव, जन्मतारीख, तिची सही. तीन टाके, सरळ, घट्ट. कागद असा सपाट झाला होता की चार घड्यांतली एकही दिसत नव्हती.

तिला सगळं कळलं. दादाने तिचा अर्ज मोठ्या शिकंज्यात, मोकळ्या पानांच्या गठ्ठ्यावर ठेवला असणार. वरून उरलेली पानं ठेवली असणार. स्वतःचा लहान शिकंज्यात. दहा तारखेला लहान शिकंजा उघडला, होतं ते न बघताच पाकिटात घातलं आणि सांगितलं की दोन्ही दिले. मोजायला ती नव्हती.

म्हणजे अर्ज आला होता. गेल्या महिन्याच्या बारा तारखेला, याच टेबलावर, या बाईच्या सहीने. म्हणजे दर सहाचाच.

तिने पुस्तक मिटलं. ढिगात ठेवलं, वर नाही, मधे. आजूबाजूला कुणी बघत नव्हतं. पुस्तक दफ्तरखान्याच्या तळघरात जाणार. जुन्या दरांचं पुस्तक, ते कोण उघडणार? तिने पेन उचललं आणि नव्या अर्जावर नावाचं पहिलं अक्षर काढलं. दुसरं काढलं. खिडकी डोळ्यांसमोर आली, बसचं वळण, टोपीवाला म्हातारा. त्या खिडकीत बसायचं आणि मनात तळघरातलं एक पुस्तक बाळगायचं. आणि त्या पुस्तकाच्या कोपऱ्यात काय लिहायचं? बत्तीस लिहिलं तर खोटं. तेहतीस लिहिलं तर कुणीतरी विचारणार. काहीच न लिहिलं तर ते तिच्या हातून गेलेलं पहिलं कोरं पुस्तक.

विमाबाई गादी घेऊन आली. पानताईने पेन खाली ठेवलं.

“या पुस्तकात एक पान जास्त आहे,” ती म्हणाली.

विमाबाईने पान बघितलं. वाचलं. पुन्हा नावापासून वाचलं. मग हळू आवाजात विचारलं, “तुम्ही हे मला का दाखवलंत?”

“मोजलं ना मी.”

आता ते साहेबांकडे न्यावं लागणार होतं. विमाबाई पुस्तक छातीशी धरून पुढे, पानताई मागे. साहेब ठेंगणे होते आणि त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी पुस्तक उलटंसुलटं केलं. शिलाईवरून बोट फिरवलं. पुस्तकं कधी आली ते विचारलं. बारा तारखेला, विमाबाई म्हणाली.  साहेबांनी नाक पुसलं.

“शिक्का कुठाय?”

शिक्का नव्हता. पुढून नव्हता, मागून नव्हता.

“तुम्ही त्या दिवशी काय घेतलंत?” त्यांनी विमाबाईला विचारलं.

“पुस्तकं, साहेब. बारा.”

“आवक वहीत काय लिहिलंत?”

“पुस्तकं, बारा.”

“मग पुस्तकं आली. अर्ज आला नाही. अर्ज हातात देतात, त्यावर शिक्का पडतो. शिवून देत नाहीत.” त्यांनी पुस्तक पानताईपुढे सरकवलं. “हे पान काढा आणि पुस्तक नीट करून आणा. पण याचं बिल लावलंत तर मात्र मी हरकत घेईन.”

पानताई उठली नाही. एवढं झालं तरी तिचा जीव अजून अधांतरी होता. “साहेब, हे जे बोललात ते लिहून द्याल?”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग कागद ओढला, चार ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली. विमाबाईने शिक्का मारला. गादी नवी होती. शिक्का ठसठशीत उठला.

तेव्हा पानताईचा जीव भांड्यात पडला. तो पडल्याचा आवाज आपल्याला ऐकू आला, असं ती नंतर सांगायची.

साहेब म्हणाले, बाकीच्या पुस्तकांत काय काय शिवलंय? तिने उरलेली नऊ मागवली आणि त्यांच्याच टेबलावर मोजली. पाच-पाचने, ओठ न हलवता. मधे साहेबांनी विचारलं की किती वर्षं हे काम करता, तर तिने चाळीस म्हणून सांगितलं आणि मोजणी चालूच ठेवली. साहेब नाक पुसायचे विसरले. प्रत्येक पुस्तकाच्या कोपऱ्यात तिने तिळाएवढा आकडा लिहिला. नऊही बत्तीस. मग विमाबाईच्या टेबलाशी बसून तिने नवा अर्ज पुरा केला आणि त्यावर आजच्या तारखेचा शिक्का पडला.

कारखान्यात परतली तेव्हा भाऊ टेबलाशी नुसताच बसला होता. तिने पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं आणि मधोमध उघडलं. त्याने बघितलं. आधी टाके बघितले, मग सही. मग उठून मोठ्या शिकंज्याकडे गेला, लहानाकडे गेला, चाक सोडलं आणि दोन फळ्यांमधून ती पोच काढली. इस्त्री केल्यासारखी सपाट. त्यावर एकच नाव होतं.

“महिनाभर मी दोन्ही दिले, दोन्ही दिले म्हणत होतो,” तो म्हणाला.

“दिलेच होतेस. एक पाकिटात, एक पुस्तकात.”

तिने साहेबांचा कागद दाखवला. त्याने तो दोन हातांनी धरून वाचला, ओठ हलवत. मग खाली बसला आणि चेहरा हातांत घेतला. खांदे हलायला लागले. तो हसतोय की काय ते तिला पटकन कळलं नाही. दोन्ही होतं.

“म्हणजे मी गबाळा आहे म्हणून...”

“गबाळा नाहीस. न मोजता शिवलंस. पुन्हा शिवू नकोस.”

“आता कधी शिवणार? सुटलो ना आपण.”

“हे एक शिवून दे.”

त्याने टाके उसवले. तिने पान काढून घेतलं. त्याने पुन्हा शिवायच्या आधी गठ्ठा तिच्याकडे सरकवला आणि ती मोजेपर्यंत थांबला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या अंगठ्याकडे बघत थांबला. बत्तीस. मग त्याने शिवलं.

संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग उठून मागच्या खोलीत गेली आणि डबे परत फळीवर लावायला लागली, एकेक, सावकाश. नवा कागद राहू दे, म्हणाली, छान दिसतोय. पानताई तिला डबे देत राहिली. शेवटचा डबा देताना वहिनीने तिचं मनगट धरलं, पट्टीच्या वर, हलकेच. दर रविवारी मात्र यायचं, असं तिने बजावलं.

भाची कामावरून आली ती कुरकुरतच. तिच्या स्कूटरचा विमा भरायची वेळ आली होती आणि या वर्षी तो वाढून आला होता. पोरी जपून चालवतात म्हणून मिळायची ती सूट गेली. आता मुलगा काय, मुलगी काय, सगळे एका भावात. तिला कुणीतरी आत्याची गोष्ट सांगितली. ती सगळं ऐकून म्हणाली, “म्हणजे आत्याच्या खिडकीला माझ्या स्कूटरने टेकू दिला.”

“मग ये की बघायला,” पानताई म्हणाली. “तुझ्याही मालकीची झाली ती थोडी.”

जिन्यापर्यंत सोडायला भाऊ आला. त्याने तो जुना अर्ज मागितला. तीन भोकांचा. पुठ्ठ्यावर डकवून ठेवतो, म्हणाला, चांगला सपाट झालाय. पानताईने पर्समधून अर्ज काढला. त्याच्यासमोरच त्याला एक घडी घातली, मग दुसरी, मग तिसरी आणि चौथी, प्रत्येक घडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि परत पर्समध्ये टाकला. भावाने मान दुसरीकडे वळवली. 

ती घरी पोचली तेव्हा उजेड होता. खुर्ची होती तिथेच होती. खाली टोपीवाला म्हातारा वळणाकडे चालला होता, रोजच्याच चालीने, आणि बस निघायला आली होती. आज चुकेल की मिळेल, ते बघायला ती खिडकीत वाकली.